पहिलं बटण

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला कमरोद्दीन मिस्त्रींचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मिस्त्री आता नुसते स्टुलावर बसतात. हात थरथरतात, तार सोलणं जमत नाही. बारा वर्षं सगळं काम त्यांची मुलगी नसरीनच करते. तरी येणारा प्रत्येक जण तिलाच विचारणार, "उस्ताद हायेत का?" आणि ती म्हणणार, "बोलावते." स्वतःच्याच दुकानात निरोप्या होऊन राहायचं म्हणजे काय, हे तिला विचारावं.

त्या दिवशी तर ती सकाळपासूनच पेटलेली होती. थोरल्या भावानं, साजिदनं, चहा पितापिता ऐकवलं होतं की अब्बांकडून काम होत नाही, बाईच्या हातचं कुणी घेत नाही, तेव्हा दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं देऊन टाकू. तो आज बघायला येतोय. "माझे हात थरथरतात का?" एवढंच नसरीननं विचारलं आणि पक्कड उचलून ती निघाली.

दुकानासमोर बद्रीनाथचा पिकअप उभा होता. घनसावंगीकडच्या बाजारांत मिरची-मसाला विकणारा हे जुनं गिऱ्हाईक. मागे पत्र्याचा बंद डबा बसवलेला, आत भरदुपारीही काळोख. पोती चाचपून हळद काढायला जावं तर हाती धने यायचे. त्याला आत दिवे हवे होते.

"टेललाइटच्या तारेतून घ्या ना ताई, जल्दी होईल. फ्यूजचा खर्चा कशाला?"

"हितं लाईन सीधी बॅटरीवरून येते, फ्यूज लावून. न्हाई पटत तर दुसरं दुकान बघा," नसरीन म्हणाली.

बद्रीनाथनं डब्याचं दार उघडून दिलं. दुपारपर्यंत तिनं डब्याच्या वरच्या कडेनं, पोकळ पट्टीच्या आतून तार नेली आणि दिवे बसवले. मग अब्बांना गोळी द्यायला मागे घरात घेऊन गेली. त्यांना घेऊन परतली तेव्हा साजिद मोबाईलवाल्याला घेऊन आला होता. दोघं टेप धरून शटर मोजत होते.

त्या दुकानाची एक रीत होती. पहिलं बटण गिऱ्हाईकानंच दाबायचं, मिस्त्रीनं आधी लावून बघायचं नाही. बद्रीनाथ मागे सरकला. "चाचा, तुम्हीच दाबा. तुमचा हात लागला म्हंजे बराबर."

"मी न्हाई दाबणार," कमरोद्दीन म्हणाले. "काम माझं न्हाई. तिचं हाये."

बद्रीनाथनं नाइलाजानं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

साजिद नुसता हसला, आणि ते हसू नसरीनला थपडेपेक्षा जास्त लागलं. हे काम फसलं तर दुकान गेलं. पण तिनं टॉर्च घेऊन डब्यात उडी मारली आणि कडेनं बोट फिरवत चालली. खाली पत्र्याचा ताजा कीस पडला होता. वर चकचकीत नवा हुक.

"हे कुणी ठोकलं?"

"तागडी टांगायला," बद्रीनाथ पुटपुटला. "तुम्ही घरात गेल्ता ना, तवा शेजाऱ्याचं ड्रिल आणून..."

"तुमचा स्क्रू पट्टीतून माझ्या तारेत घुसलाय. बटण दाबलं न् फ्यूज उडाला. फ्यूज नसता तर तार पेटली असती, मंग बारदान, मंग मिरची. आन् नाव माझं झालं असतं!"

तिनं हुक उपटला, तार जोडली, नवा फ्यूज लावला. बद्रीनाथला हाताला धरून आत घेतलं आणि दार ओढून घेतलं. "दाबा आता."

डबा लख्ख उजळला. पोत्यांवरची नावंसुद्धा वाचता आली. बद्रीनाथ खजील होऊन उतरला.

"टेप लपेटो, भाई," नसरीन साजिदला म्हणाली. दुकान चालतंय हे बघून मोबाईलवाला केव्हाच सटकला होता.

संध्याकाळी एका टेम्पोवाल्यानं स्टुलाजवळ येऊन विचारलं, "उस्ताद हायेत का?" कमरोद्दीननी समोरच्या जीपखाली बोट दाखवलं.

"हाये," जीपखालून आवाज आला. "बोला."