कहूच्या झाडावरचे फोन

माझ्या बाचा फोन कित्येक वर्षं झाडावर राहत होता. कुरखेड्यापासून बरंच आत, जंगलाला लागून आमचं गाव. गावात रेंज नव्हती. होती ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीही एका जुन्या अर्जुनाच्या झाडाखाली. आमच्याकडे त्या झाडाला कहू म्हणतात. लांबच्या टॉवरचं काय आणि कसं त्या झाडापर्यंत पोहोचायचं देव जाणे, पण पोहोचायचं. जरा इकडेतिकडे सरकलं की गेलं. म्हणून ज्यांच्याकडे बटणांचे फोन होते त्यांनी ते प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून सुतळीने कहूच्या फांद्यांना बांधायला सुरुवात केली. सकाळी लटकवायचे, अंधार पडायच्या आत काढून घरी न्यायचे. चोरीची भीती कुणालाच नव्हती. फोन चोरून नेला तरी लावणार कुठे, रेंज तर झाडाखालीच!

झाडावरचा फोन वाजला की पाळीवर जो कोणी असेल त्याने तो उचलायचा, अशी रीत आपोआप पडली. कुणाचा फोन कसा वाजतो ते सगळ्यांना पाठ होतं. एकाचा कोंबड्यासारखा आरवायचा, एकाचा भजन म्हणायचा, माझ्या बाचा नुसता ट्रिंग ट्रिंग करायचा. उचलणाऱ्याने निरोप घ्यायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा पोरगा हैदराबादहून निघाला, हे घरच्यांच्या आधी कपडे धुणाऱ्या बायांना कळायचं. आता कोणी म्हणेल, मग खासगी काय राहिलं? काही नाही राहिलं. पण अडलंही नाही कुणाचं.

मधूनच त्या झाडाला छत्तीसगडचा टॉवर लागायचा. मग फांदीवरच्या फोनमध्ये तिकडच्या राज्यात आपलं स्वागत असल्याचा मेसेज यायचा आणि रोमिंग म्हणून बॅलन्स कटायचा. बा वैतागायचा. आयुष्यात वडशापलीकडे न गेलेल्या त्याच्यासारख्या माणसाचा फोन जागचा न हलता परमुलखात फिरून यायचा, याचं आम्हाला फार हसू यायचं.

लग्नानंतर मी मोहर्लीला आले. नवरा वाघ बघायला येणाऱ्या पर्यटकांची जिप्सी चालवतो, मी गाईड आहे. जंगलात आत जाताना मोबाईल नेता येत नाही, तो गेटवरच ठेवावा लागतो. म्हणजे बापाचा फोन झाडावर आणि लेकीचा गेटवर! तरी आमचं बोलणं कधी तुटलं नाही. सकाळची फेरी करून परत आले की फोन ताब्यात घ्यायचा आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीमागे उभं राहून बाचा नंबर लावायचा, हा माझा नेम. त्या वेळी पाळीवर आत्या असायचीच. ती रक्ताच्या नात्यातली नाही, गावाच्या नात्याने आत्या. माझी आई गेल्यावर माझी वेणीफणी तिनेच केली. दुपारी ती पाळीवर जाळी सांधत बसते आणि तिचा आवाज असा आहे की तिला फोनची खरं तर गरजच नाही.

"तुहा बा पान्यात हाय, जाळं टाकून राह्यला," ती म्हणायची. "काय इचारू त्याले?"

"जेवला का विचार."

मग ती फोन कानापासून लांब न धरता तिथूनच ओरडायची, "भाऊ ओ भाऊ! पोरगी इचारून राह्यली, जेवला का म्हन्ते!" माझ्या कानाचे पडदे हलायचे. मग लांबून, पाण्यावरून, बाचं उत्तर यायचं. आत्या ते मला पुन्हा सांगायची, जसं काही मी बहिरीच आहे. मागून बगळ्यांचा कलकलाट, कपडे आपटल्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं. एवढं सगळं ऐकलं की मला गावी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

बा स्वतः फोनवर फारसा येतच नसे. "ओल्या हातानं फोन धरू नाई," असं त्याचं म्हणणं. ते मला पटायचं. गावी गेले तरी वेगळं काही जाणवलं नाही. आम्ही ढिवर, मासे धरणारे लोक, पाण्यावर बोलायची सवय, घरातसुद्धा आम्ही एकमेकांशी भांडल्यासारखंच बोलतो.

मग जुनं नेटवर्क बंद होणार असल्याचे मेसेज यायला लागले. सिम बदला, फोन बदला. झाडावर लटकलेल्या फोनांमध्ये ते मेसेज येऊन पडले असतील, वाचणार कोण? एक दिवस कहूवरचा एकही फोन वाजला नाही. लोकांना वाटलं, टॉवरवर वीज पडली असेल, होईल सुरू. आठवडा गेला तरी ते रोज सकाळी फोन लटकवत होते आणि संध्याकाळी काढत होते. इकडे मी टपरीमागे उभी राहून नंबर लावत होते आणि जिवात जीव नव्हता.

शेवटी मी आणि नवऱ्याने चंद्रपुरातून बासाठी नवा फोन घेतला, मोठ्या पडद्याचा. तोवर गावाच्या दुसऱ्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी नवा टॉवर उभा राहिला होता. मी स्वतः जाऊन बाला सगळं शिकवलं. हिरवं दाबायचं, लाल दाबायचं. फोन घरातच ठेव, खाटेवर बसून बोल, आता घरभर रेंज आहे. कहूच्या फांद्यांवर नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. आत्या म्हणाली, "आता पाळीवर करमत नाई वो माय. जो तो आपापल्या घरात बोलून राह्यला." मी हसले. मला तर आनंद झाला होता. मधे कोणी नाही, आता बा आणि मी.

आणि बा फोन उचलायलाही लागला. मी दुपारी लावायचे, तो घरी येऊन फोन समोर ठेवून बसलेला असायचा.

"बा, जेवलास का?"

"हव हव. बेस झालं."

"गुडघा कसा आहे? दुखतो?"

"हव हव. बेस झालं."

गुडघा दुखतो ते बेस झालं! मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. नवऱ्याला सांगून मी किती हसले. पुढे मला दिवस गेले. ते मी बाला फोनवरच सांगितलं, लाजत लाजत, टपरीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. "बा, तू आजा होणार."

"हव हव," बा म्हणाला. "बेस झालं."

त्याहून जास्त मला काय हवं होतं? त्या दोन शब्दांवर मी कितीतरी दिवस आनंदात होते.

दिवाळी झाली आणि पोटात होतं ते राहिलं नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आले, नवरा दोन वेळचं रांधून घालत होता, शेजारच्या बाया येऊन बसून जात होत्या. पण मला माझं माणूस हवं होतं. आधीचे दिवस असते तर मी झाडावरच्या फोनला फोन लावला असता, तो आत्याने उचलला असता आणि मी तिला सांगितलं असतं. बाईने बाईला सांगावं तसं. मग ते बापापर्यंत कसं न्यायचं ते तिचं तिने पाहिलं असतं. पण झाड मुकं झालं होतं, आणि आत्याचा नंबर माझ्याकडे नव्हताच. कुणाचा वेगळा नंबर घ्यायची कधी गरजच पडली नव्हती. म्हणून मी बालाच सांगितलं. जे आईला सांगायचं ते बापाला सांगताना जीभ अडखळत होती, तरी सगळं सांगितलं. कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, रात्री कसं भरून येतं. खूप वेळ बोलले. मग मला पुढे बोलवेना.

तिकडून बा म्हणाला, "हव हव. बेस झालं."

मी फोन कापला.

मी रागाची आहे हे मोहर्लीच्या गेटवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो राग नुसता राग नव्हता. माझ्या आत काहीतरी तुटलं. नवरा म्हणाला, म्हाताऱ्याला सुचलं नसेल. मी म्हटलं, न सुचलेला माणूस गप्प बसतो. काही दिवस मी फोन केला नाही. मग राहवेना म्हणून दुपारी लावला, तर बाई बोलली की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दुसऱ्या दिवशी तेच. रोज दुपारी तीच बाई. घरभर रेंज असताना! म्हणजे बा मुद्दाम फोन बंद ठेवतो, असं मी धरून चालले. हळूहळू रागाची जागा भीतीने घेतली.

रजा मिळाली तशी चांदा फोर्ट स्टेशनवरून रेल्वेने वडसा गाठलं. थंडी सुरू झाली होती, वडशात जिकडेतिकडे नाटकांचे बोर्ड लागले होते. एरवी मी एखादं नाटक पाहिल्याशिवाय पुढे गेले नसते. बसने कुरखेडा, तिथून एका ओळखीच्या मोटारसायकलवरून गाव. घराला कडी होती. म्हणून सरळ पाळीवर गेले.

कहूच्या खालच्या फांदीला, पन्नीत गुंडाळून, सुतळीने बांधलेला बाचा नवा फोन लटकत होता. साऱ्या झाडावर तो एकच. खाली आत्या जाळं सांधत बसली होती. बा लांब, कमरेएवढ्या पाण्यात, पाठमोरा.

"हा फोन इथे काऊन?" मी विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड पाहून तिने हातातली सुई खाली ठेवली. "रोज दुपारी आनून लटकवते तुहा बा. मी सांगतलं त्याले, नवीन टावरच्या रेंजची इथी एक डंडीबी येत नाई. आयकतेच नाई. म्हन्ते, याच झाडाले तं येत होती. म्हन्ते, घरी वाजला तं मलेच उचला लागते, इथी वाजला तं तू उचलशीन."

"घरी उचलायला काय होतं त्याला?"

"उचलून काय करन? त्याले आयकू कुठी येते?" आत्या म्हणाली. "तुले नाई मालूम? कितीक वर्सं झाले, त्याचे कान गेले. मी वरडतो तवा कुठी त्याले समजते."

मी तिथेच तिच्या जाळ्याशेजारी बसले.

"त्याले लाज वाटे सांगाची," आत्या बोलत होती. "फोनात नुसतं हव हव करे. पन मांगं एक दिवस तुहा फोन आला. फोनवर मिन्टाचे आकडे पळून राह्यले होते म्हन्ते, पळूनच राह्यले होते. माही पोरगी एवढा टाईम कधी बोलत नाई, कायी तरी हाय म्हन्ते. तवापासून लटकवते. तुहा फोन येईन, मी उचलीन, अन त्याले वरडून सांगीन, म्हनून."

नव्या टॉवरला मी नावं ठेवत नाही. त्याच्यामुळे गावात आता रात्रीबेरात्री गाडी बोलावता येते, पोरं शिकतात. पण त्या एका क्षणी मला ते जुनं, तुटकं, दोन पावलांत हरवणारं नेटवर्क इतकं हवंसं वाटलं की मी पदर तोंडात धरून रडले. इतकी वर्षं माझा आणि बापाचा खरा फोन म्हणजे ही बाई होती. आणि आता मधे कोणी नाही म्हणून मीच खूश झाले होते.

आत्याने मला रडू दिलं. मग सवयीने, जसं ती नेहमी फोनवर विचारायची तसं, तिने विचारलं, "काय सांगू त्याले?"

मी तिला सांगितलं. होतं, आणि राहिलं नाही. दोन्ही.

मला वाटलं ती आता उठून ओरडेल. पलीकडे बाया कपडे धूत होत्या. आत्याने लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. आयुष्यभर पाळीवरून हाका मारणारी ती बाई चालत चालत थेट बापर्यंत गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाला तोंड लावलं. ती बराच वेळ बोलत होती. बाच्या हातातलं जाळं हळूहळू पाण्यात सुटत गेलं, ते त्याने धरलंही नाही.

तो बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला, धोतरातून पाणी निथळत होतं. ओला हात त्याने त्याच ओल्या धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मग मोठ्या आवाजात, पलीकडच्या बाया वळून पाहतील एवढ्या आवाजात, त्याने विचारलं, "मले फोनवर सांगतलं होतं तू?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मंग मी काय म्हटलं?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे. आत्याही बघत होती.

"काही नाही म्हटलं, बा," मी ओरडून सांगितलं. "रेंज नव्हती."

बाने वर कहूकडे, पन्नीतल्या फोनकडे पाहिलं. "नव्या फोनलेबी?"

"नव्या फोनलेबी."