भिंतीतला सा

प्रभाताई गेल्या त्या दिवशी आमच्या शेतात सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. आई धुऱ्याजवळ पूजा मांडत होती, बाबा पऱ्हाटीत उभे होते, आणि माझा फोन वाजला. पलीकडे रहीमचाचा होते, आमच्या वाद्यवृंदातले तबलावाले. "बेटा, प्रभा गेली. झोपेतच." मग, "आता सा कोन देईन आपल्याले?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण रडू येण्याआधी माझ्याही मनात तोच प्रश्न आला. दिवाळीनंतर आमच्या मैफलींचा हंगाम सुरू व्हायचा होता.

दिग्रसला कापसाचा हंगाम आणि आमचा हंगाम एकच. कापसातून सरकी काढणारं जिनिंग सुरू झालं की गाव भरतं, आणि त्या महिन्यांत जिनिंगला लागून असलेल्या जुन्या हॉलमध्ये आम्ही शास्त्रीय संगीताच्या मैफली करतो. हे प्रभाताईंनी सुरू केलं. त्या कोर्टात नोकरीला होत्या. लग्न केलं नाही, व्हायोलिन मात्र सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातले आठ-दहा वाजवणारे गोळा केले. मी त्यात कशी आले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बसची वाट बघत असताना हॉलमधून आवाज आला म्हणून दारात जाऊन उभी राहिले होते. प्रभाताईंनी वाजवणं न थांबवता मानेनंच आत बोलावलं. वाजवून झाल्यावर म्हणाल्या, "दारात कायले उभी? भीक मागाले आली का? बस इथं. हे धर." आणि तानपुरा माझ्या मांडीवर आला. तो अजून उतरलेला नाही. बाबा सुरुवातीला एका तालमीला आले होते. परतताना बसमध्ये म्हणाले, "तू त्याच चार तारा छेडून राह्यली होती. तुयं गाणं कवा सुरू होते?" प्रभाताईंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "तुया बाबाले सांग, बाकीच्यांचं सुरू राहावं म्हणून तुयं सुरू होत नाही."

आमची एक रीत होती. बाहेरचे लोक तिला हसत. हॉलची मागची भिंत जिनिंगची आणि आमची सामायिक आहे. पलीकडे मशीन सुरू झालं की भिंतीत एक घुमारा भरून राहतो. तो थांबवणं आपल्या हातात नाही, आणि वेगळ्या सुरात वाजवलं तर तो सतत खटकत राहतो. म्हणून प्रभाताई त्यालाच सा मानत. तालमीआधी त्या भिंतीला तळहात लावून डोळे मिटत, मग हळूच सूर गुणगुणत, आणि त्यावर मी तानपुरा लावायचा. तो सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडे, त्यामुळे आमच्याकडे पेटी कधी आलीच नाही. भिंतीचा चुना त्यांच्या हाताला लागे. त्यांच्या व्हायोलिनच्या मानेवर कायम पांढरी बोटं उमटलेली असत. रहीमचाचा चिडवायचे, "प्रभा, तू वाजवतं का घर रंगवतं?"

मागच्या हंगामातली शेवटची मैफल मी विसरू शकत नाही. अर्ध्यातच लाइट गेली. अंधाराची आम्हाला सवय होती, पण मशीन थांबलं आणि भिंत एकदम मुकी झाली. आजवर कळलंच नव्हतं की आम्ही सगळे तिला टेकून होतो. बासरी किंचित वर चढली, सतार अडखळली, मला माझ्या पाठीवरचा घाम जाणवत होता. शेजारून प्रभाताई इतकंच पुटपुटल्या, "सोडू नको." मी तारा छेडत राहिले. बरोबर आहे की नाही हे कळायला काहीच मार्ग नव्हता. हळूहळू बाकीचे तानपुऱ्यावर परत आले, पण मीच घसरले असेन तर सगळेच माझ्याबरोबर घसरले असतील, ही भीती जाईना... लाइट आली. मशीनने आधी घरघर केली, मग त्याचा सूर चढत चढत वर आला आणि आमच्या सा मध्ये येऊन मिसळला. प्रभाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त त्यांचा गज जरा मोकळा चालला.

आमची शेवटची भेट पोळ्यानंतरची. त्या म्हणाल्या, "यंदा मारव्यानं सुरुवात करू." रहीमचाचा वैतागले, "लोकं उठून जातीन, प्रभा. मारवा मानसाले चैन पडू देत नाही." खरंच आहे ते. मारवा रागात वाजवणारे सा पासून दूर दूर राहतात. त्याच्या आजूबाजूला फिरतात, पण तिथे टेकत नाहीत. तो सगळा वेळ फक्त तानपुऱ्याने धरायचा असतो. मी घाबरले. त्यात त्यांनीच सांगितलं, की जिनिंगवाल्यांनी नवीन मशीनं बसवली आहेत, भिंत आता कशी बोलेल ठाऊक नाही. मी विचारलं, "मग सूर कुठून घ्यायचा, ताई?" त्या म्हणाल्या, "भिंत देईन तो घ्याचा. ते मुकी झाली का तू धरून ठेवाचा. मागच्या टायमाले काय केलं होतं?"

त्या गेल्यावर आम्ही हॉलमध्ये जमलो. कोणी म्हणालं, यंदा राहू द्या. कोणी म्हणालं, मोबाइलवर तानपुरा लावू, यमन वाजवू, मोकळे होऊ. रहीमचाचा तबल्याच्या गवसणीची दोरी बोटाला गुंडाळत होते. मी मोठ्या माणसांत कधी बोलत नाही. तेव्हा कसंबसं म्हणाले, "मशीन सुरू होईपर्यंत थांबू या का?" सगळे थांबले, पण माझ्या मनात वेगळंच होतं. प्रभाताईंचा सा माझ्या कानात पक्का होता. भिंतीतून तो परत येईल, अशी आशा मी धरून बसले होते.

गेल्या रविवारी जिनिंग सुरू झालं. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. चुना जिथे घासून गुळगुळीत झालाय, तिथे मी हात ठेवला. घुमारा आला... आणि तो वेगळा होता. चांगलाच वर. रहीमचाचांनाही लगेच कळलं. "तो नाही हा," ते म्हणाले. मग अगदी हळू, "कोनता घेतं, बेटा?" जुना सूर मला तेव्हाही ऐकू येत होता. तो लावला असता तर प्रभाताई हॉलमध्ये आल्यासारखं वाटलं असतं, निदान भिंतीशी खटका उडेपर्यंत. मी डोळे मिटले, भिंतीतला सूर गुणगुणले आणि खुंटी पिळायला घेतली. तार तुटेल असं वाटत होतं. तुटली नाही. पहिली तार पंचमाऐवजी निषादावर लावली, मारव्यासाठी. रहीमचाचांनी हातोडी उचलली आणि तबला वर चढवायला लागले. येत्या शनिवारी पहिली मैफल आहे. लाइट राहील की नाही, सांगता येत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी बसमध्ये बाबा होते. बाजारातून परतत होते. तानपुरा मी मांडीवर आडवा घेतला होता. "हाताले काय लावलं हे?" त्यांनी विचारलं. तळहात पांढरा झाला होता. तानपुऱ्याच्या दांडीवरही चार बोटं उमटली होती. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. मी हात पुसला. दांडी तशीच राहू दिली.