आईचं मशीन, चाचांचं घर

आई शेजारणीच्या मशीनवर, ते मोकळं असेल तेव्हा, कपडे शिवून आमची पोटं भरायची. मी घरातला पहिला पदवीधर; दोह्यात कारकून झालो आणि तिच्यासाठी नवं मशीन घेतलं! कधी एकदा पोचतंय असं झालं.

नेणार होते बोटीवरचे खलाशी चाचा, आमच्या खाडीपलीकडचे. प्रत्येक वस्तू ते आधी उचलून बघत. मी कारकुनी सवयीने मशीनच्या पावतीचा कागद पुढे केला.

"वजन कळलं, खलास. कागद कशाला?"

पावसात खाडीतली होडी बंद. मशीन दोन महिने त्यांच्याच घरी राहिलं. मध्ये ईद आली. चाचींनी पोरींचे कपडे हातसुईने शिवले.

चाचा दोह्याला परतल्यावर मला हे कळलं, तेव्हा मी ओरडलोच, "अहो चाचा, वापरायचं की!"

"तू पोचवायला दिलंस. शिवायला दिलंस काय रे?"

त्या वर्षापासून आई स्वतःच्या मशीनवर शिवू लागली.