सगळ्यांत कमी ऐकलेलं आधी

मिलिंदला जाऊन दीड महिना झाला. सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवर गाडीत गाणी ऐकत अडकलो होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. मी फोन ठेवला आणि मोबाइलने मगाचं गाणं पुन्हा सुरू केलं. ते संपल्यावर आपणहून दुसरं लावलं, अगदी पहिल्यासारखंच. मला त्याचा भयंकर राग आला. तो राग अजून आहे.

मिलिंद नागपूरचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला, नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसला आणि बिबवेवाडीत स्थायिक झाला. लहानपणी भीमजयंतीला ऐकलेले गायक कुठेच मिळत नाहीत, ही त्याची जुनी खंत. घरात इंटरनेट आल्याबरोबर त्याने एक साइट काढली, बुधवार पेठेतून जुना कॅसेट-प्लेअर आणला आणि गाणी चढवायला लागला. वस्तीतली भीमगीतं, मांजरीला ऊसतोडीसाठी आलेल्या बायकांची गाणी, कॉलेजच्या पोरांचे बँड... कुठलीही कंपनी काढणार नाही ते सगळं. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव, गाव आणि मिलिंदने लिहिलेल्या चार ओळी. मांजरीचं गाणं ऐकून अकोल्याचा कुणीतरी लांबलचक ईमेल लिहायचा, आणि मिलिंद तो त्या बायकांना जाऊन वाचून दाखवायचा.

मग मी शहाणपणा केला. त्याच्या वाढदिवसाला साइटवर 'सर्वाधिक ऐकलेली दहा गाणी' अशी यादी बसवून दिली. लोक वरचंच ऐकत, म्हणून ते वरच राही. दोन महिन्यांत बाकीच्या गाण्यांकडे कुणी फिरकेना.

"काढ ते," मिलिंद कँटीनमध्ये म्हणाला.

"अरे, लोकांना आवडतं तेच वर येतं."

"ऐकलंच नाही, ते आवडणार कसं?"

मी काढलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच यादी उलटी केली. सगळ्यांत कमी ऐकलेलं गाणं सगळ्यांत वर. मी हसलो. दुकान बुडवायचा धंदा आहे म्हणालो. "दुकान काढलंय कुणी?" तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

पुढे सगळे गाण्यांच्या अ‍ॅपवर गेले. मी तर अशाच एका अ‍ॅपसाठी तसल्याच याद्या बनवायचं काम केलं, आणि चांगलं केलं. चार वर्षं त्याची साइट उघडलीसुद्धा नाही. तो मात्र दर रविवारी नवं गाणं चढवत राहिला. "अजून चालू आहे का रे ती?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "झोपलीय, हळू बोला."

गेल्या आठवड्यात वहिनींनी घरी बोलावलं. "साइटवर कुणी येत नाही म्हणतात. बंद करायची का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे द्या."

लोकांना एकसारखंच ऐकायला आवडतं, हे मी मानत नाही. त्यांना एकसारखंच वाढलं जातं. वाढणाऱ्यांत मी होतो, म्हणून ठामपणे सांगतो. मिलिंदचं काही चुकलं नव्हतं. चुकलो आम्ही.

त्याच्या खुर्चीत बसून मी साइट उघडली. सगळ्यांत वर त्याने शेवटी चढवलेलं गाणं होतं. ऐकणारे : शून्य. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. शून्याचा एक झाला, गाणं खाली सरकलं आणि कुणीच न ऐकलेलं दुसरं वर आलं. वहिनींनी डोळे पुसले.

"हेही लावा," त्या म्हणाल्या.