आठ दिवसांनी फोन करा

नेरळच्या इंग्रजीच्या क्लासात मी तीन महिने ‘अ‍ॅट’, ‘ऑन’, ‘इन’ घोकले. वाजले की अ‍ॅट, वार आला की ऑन, महिना आला की इन. पोशीरहून कुंभिवलीला जाणाऱ्या कंपनीच्या गाडीत, डुलक्या काढणाऱ्या बायांच्या मधे बसून घोकले. कारखान्यात आठ तास उभ्याने पॅकिंग करून माझे पाय सुजायचे. आणि नेरळातच, एका बिल्डरच्या ऑफिसात, खुर्चीवर बसायचं काम होतं. अट एकच, इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

त्या ऑफिसातल्या साहेबांचा मेसेज आला नेमका सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. फोनवर मुलाखत घ्यायची आहे, कधी करू? मी भाताच्या लावणीत, कोपरापर्यंत चिखल. ओढणीला हात पुसून ऐटीत लिहिलं, ‘प्लीज कॉल मी आफ्टर एट डेज, अ‍ॅट इलेव्हन.’ म्हणजे पुढच्या सोमवारी, माझ्या सुट्टीला. साहेब ‘शुअर’ म्हणाले. अ‍ॅट बरोबर बसला म्हणून मी दिवसभर खूश!

पुढच्या सोमवारी केस विंचरून फोनसमोर बसले. शेतावर गेले नाही म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. फोन आलाच नाही. एवढ्या मोठ्या साहेबाला दिल्या शब्दाची चाड नाही म्हणून मी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते.

मंगळवारी कामावर गेले. आमचे फोन गेटवरच जमा करून घेतात. सुटल्यावर हातात आला तेव्हा अकराचे तीन मिस्ड कॉल, खाली मेसेज. तुम्ही म्हणालात तसा आठ दिवसांनी फोन केला, तुम्ही उचलला नाहीत, दुसऱ्या मुलीला घेतलं.

गाडीत बोटं मोजली. सोमवार ते सोमवार, सात! जन्मभर आम्ही आठवड्याला आठ दिवस म्हणत आलो. आठ दिवसांनी बाजार, आठ दिवसांनी पाहुणे, कुणाचं काही अडलं नाही. क्लासच्या मॅडमना हे एकदा सांगता येऊ नये? आणि मी तरी काय शहाणी! नुसतं ‘मंडे’ लिहिलं असतं तर हात झडले असते का?

घरी आल्यावर रडत, चिडत आईला सगळं सांगितलं. तिने माझे सुजलेले पाय मांडीवर घेतले, चेपायला लागली.

“आसू दे गं,” ती म्हणाली. “आठ दिवसांनी परत इचार त्यांना.”