सोललेली तार

रविवारी सकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात सुनंदा आणि तिची मुलगी पिंकी यांचा छोटा दिवा लागला नाही. बाकी सगळ्यांचे सेलवरचे दिवे लागले होते.

या विज्ञानवर्गात मूल एकटं आलेलं चालत नाही. घरातलं मोठं माणूस शेजारी बसून सोबत प्रयोग करतं. सुनंदा भंगार वेचते. वरचं प्लास्टिक काढल्याशिवाय तांब्याला भाव मिळत नाही, म्हणून हातात आलेल्या दोन्ही तारा तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलल्या होत्या. फक्त टोकं सोलायची, ही सूचना तोवर व्हायची होती. हात असे आधीच कामाला लागतात. त्यांचंही शिक्षण झालेलंच असतं, वेगळ्या कामासाठी.

“मला नाही जमत हे. पुढच्या रविवारी मी येत नाही,” सुनंदा म्हणाली.

“मग मला पण घेणार नाहीत.”

सुनंदाने तारा पुन्हा उचलल्या आणि पटकन सोडल्या. “अगं, तापल्यात की.”

पिंकी वाकून बघत राहिली. “आई, तारा एकमेकींना चिकटल्यात. वीज मधूनच परत फिरतेय, दिव्यापर्यंत जातच नाही. तू सगळंच कशाला सोललंस?”

“मग? अर्धवट सोललेली कोण घेतं?”

शेजारच्या बायका हसल्या, मग सुनंदाही हसली. पिंकीने तारांवर चिकटपट्टी गुंडाळली. दिवा लागला.

पुढच्या रविवारी दार उघडायच्या आधीच दोघी समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या.