भाचीला आणायला सालेकशाच्या पुढे

माझी धाकटी बहीण विधवा, माझ्याकडेच गोंदियाजवळच्या गोरेगावला राहते. तिची मुलगी वंदना नर्सचं शिकली, ख्रिस्ती झाली आणि सालेकशाच्या पुढे जंगलातल्या एका गावात राहायला गेली. दोन वर्षं घरी आली नाही. फोनवर एकच उत्तर, "इथे एका म्हाताऱ्याच्या पायाला जखम आहे, रोज धुवावी लागते. सोडून कशी येऊ?" मला हे पटत नव्हतं. परक्याच्या पायासाठी कोणी आईला सोडतं का? तिला कोणीतरी अडवून ठेवलंय, असा माझा पक्का संशय.

"भाऊ, तिले घेऊनच ये," बहीण म्हणाली. "नाही आली तर मीच जातो, मंग गुडघे राहोत का जावोत."

गोरेगाव ते गोंदिया एसटी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना भाडं नाही, पण आधार कार्ड जवळ ठेवा. कंडक्टरने फोटोकडे आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मलाच शंका आली. गोंदियाहून डोंगरगडकडची पॅसेंजर. पोळी-चटणी घरूनच नेली होती. स्टेशनवरचा समोसा कोणत्या दिवसाच्या तेलातला, कोण सांगणार? शेजारच्या बाईने विचारलं, "बाबूजी, कहाँ तक?" मी म्हटलं, "आगे." अनोळखी माणसाला ठिकाण सांगू नये. मग सालेकसा कधी येणार, हे तिलाच विचारावं लागलं.

सालेकशाहून काळीपिवळी गाडी. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून तास-दीड तास हाताशी ठेवा आणि भाडं बसण्याआधीच ठरवा. शेवटी थोडं पायी. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, सगळ्या वाटेवर त्यांचा गोड, जड वास.

वंदना धावत आली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तिचं वय कितीही असो. मी वाकलो, तर ती मागे सरकली. "मामा, आता नको. वाकायचं ते देवापुढंच." झालं, म्हटलं. नातंच तुटलं.

तिची एकच खोली. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी फळीवरचं सामान पाहून घेतलं, खोटं कशाला सांगू? दोन साड्या, औषधाचा डबा, बायबल, कापसाचं मोठं बंडल. दुपारी ती सालेकशाच्या एका दवाखान्यात नोकरी करते, त्यावर भागवते. सकाळी गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या घरी जाते. त्याचे तिला कोणी काही देत नाही, असं ती म्हणाली. मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग गेलो. जखमवाला म्हातारा सोमाजी घरात एकटाच, ओसरीवर पाय पसरून बसला होता. घोट्याच्या वर तळहाताएवढा व्रण. वंदना आत पाणी तापवायला गेली, तेवढ्यात मी हळूच विचारलं, "खरं सांगा, हे पोरगी काय देते तुम्हाले?"

"शिव्या देते. बिडी पेलो का."

"येशूचं नाव घ्याले लावते?"

"तेच घेते. मी आयकतो. गाणं बरं म्हणते." मग डोळे बारीक करून त्याने मलाच विचारलं, "तुम्ही कायले इचारून राहिले? कोण्या गावचे?"

मी तिचा मामा, असं म्हणून आमचं जन्मगाव सांगितलं. म्हातारा एकदम सरळ बसला. "मी बी तिथलाच! माहा बाप तुमच्याच गावात गुरं राखे." मग बोटांवर हिशेब लावू लागला. "एकाच गावचे आपण, मंजी तुमची बहीण ते माही बी बहीण. आन हे तिची पोरगी, मंजी माही..." आणि त्याने पाय झटकन लुगड्याच्या गोधडीखाली ओढला.

वंदना घमेलं घेऊन आली. "सोमाबाबा, पाय द्या."

"बाबा नाही, मामा म्हण. पाय देत नाही. भाचीनं मामाच्या पायाले हात लावाचा नाही. दोन वर्षं माह्या हातून पापच होऊन राहिलं."

तिने समजावलं, येशूने स्वतः आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते.

"चेलेच होते ना ते?" सोमाजी म्हणाला. "मामे तं नोयते."

ती विनवत राहिली, रागावली, घमेल्यातलं पाणी निवलं. म्हातारा हलला नाही. या उन्हात दोन दिवस पट्टी बदलली नाही तर अळ्या पडतील, मग पायच जाईल, ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हीच नातं जोडलं. आता तुम्हीच धुवा."

धुतला. निवलेलं पाणी मीच पुन्हा तापवलं. ते जास्तच गरम झालं. "काऊन गा, सोलून राहिला का मले?" सोमाजी ओरडला. वंदना शेजारी बसून सांगत होती, चोळू नका, टिपा.

संध्याकाळी मी म्हटलं, "तू जा आईकडे. मी आहे इथं." कसं तोंडातून निघालं, देव जाणे. आता संशय घ्यायची तिची पाळी. पट्टी ओली ठेवणार नाही ना, हात साबणाने धुणार ना, असं पुन्हा पुन्हा विचारलं. दवाखान्यातून तीन दिवसांची रजा काढली, बाकीच्या तीन घरच्या सुनांना काम शिकवलं. निघताना तिने प्रार्थना केली. मी बाहेर बसलो होतो, तरी त्यात माझं नाव ऐकू आलं. माझ्यासाठी काय मागितलं, ते तिने सांगितलं नाही.

तीन दिवस भात, अंबाडीची भाजी आणि सोमाजीच्या शिव्या. चौथ्या दिवशी ती परतली, मी गोरेगावला आलो. आता पाय सोमाजी स्वतःच धुतो, पण ती समोर बसून पाहिल्याशिवाय धुवत नाही.

तिच्या ख्रिस्ती होण्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. सोमाजी कुठला, हे तिला आधीपासून ठाऊक नव्हतं कशावरून, हीही शंका आहे. पण तिला अडवून ठेवणारं कोणी दिसलं नाही. अडवत होता तो पायच.

बहीण मात्र खूश. "भाऊ, आता दर महिन्याले तीन दिवस तू तिकडं जा," ती म्हणाली. "मंजी ते घरी येईल."

मी अजून हो म्हटलेलं नाही. जखम भरायला लागली की खाज सुटते, असं वंदना म्हणाली होती. तो म्हातारा आता पट्टीखाली काडी घालून खाजवत असणार, माझी खात्री आहे.